चोर सोडून संन्याशाला: लॉरी स्ट्रोडच्या कुऱ्हाडीचं प्रकरण

आधी 'हॅलोवीन एच२०' या भयपटाच्या शेवटी घटना काय घडली ते पाहू. ३१ ऑक्टोबर १९९८ची रात्र. कॅलिफोर्नियातल्या समर ग्लेन नावाच्या कल्पित गावातली एक निवासी शाळा. मायकेल मायर्स हा मुखवटेधारी खुनी शाळेच्या जेवणघरात निपचित पडला आहे. मुख्याध्यापिका केरी टेट, म्हणजे मूळची लॉरी स्ट्रोड, हिने त्याला भोसकून वरून खाली पाडलं आहे. तिला अजून वार करायचे असतात, पण पहारेकरी रॉनी तिला आवरतो. पोलीस येतात, रुग्णवाहिका येते, प्रेत पिशवीत घालून शववाहिकेत चढवलं जातं. इतर कुठल्याही चित्रपटात इथे पडदा पडला असता. लॉरी मात्र पोलिसाचं पिस्तूल उचलते, कुऱ्हाड घेते आणि ती गाडीच पळवून नेते. वाटेत पिशवीतला माणूस उठून बसतो. ती करकचून ब्रेक मारते, तो काच फोडून रस्त्यावर पडतो. ती त्याच्यावर गाडी घालते, गाडी उतारावरून गडगडते आणि तो गाडी आणि झाडाचा बुंधा यांच्यात अडकतो. तो तिच्याकडे हात पुढे करतो. तीही क्षणभर हात पुढे करते. मग भानावर येते आणि एका घावात त्याचं मुंडकं उडवते.

'हॅलोवीन एच२०' इथे संपतो. थिएटरातल्या प्रेक्षकाच्या हिशेबी वीस वर्षांचं येणं वसूल झालेलं असतं.

चार वर्षांनी, १२ जुलै २००२ला 'हॅलोवीन: रिझरेक्शन' लागला आणि सुरुवातीलाच कळलं की तो मायकेल नव्हताच. मायकेलने रुग्णवाहिकेबरोबर आलेल्या एका पॅरामेडिकचा गळा चिरडला, म्हणजे त्याला ओरडता येणार नाही. आपले कपडे आणि मुखवटा त्याला चढवले आणि स्वतः त्याच्या गणवेशात निघून गेला. लॉरीने मारला तो एक निरपराध माणूस.

भयपटाच्या इतिहासातल्या एका लबाड पळवाटेचा हा किस्सा म्हणून सोडून देता येईल. मला त्यात जास्त रस आहे, कारण स्लॅशर मालिकेत, म्हणजे एक खुनी सुरा घेऊन एकेकाला मारत सुटतो अशा भयपटांच्या मालिकेत, नायिकेची किंमत नेमकी किती असते, हे या एका प्रकरणात जितकं उघड दिसतं तितकं दुसरीकडे दिसत नाही.

किल्ली

१९७८चा पहिला 'हॅलोवीन' जॉन कार्पेंटरने दिग्दर्शित केला. पटकथा त्याची आणि डेब्रा हिलची. बजेट सुमारे तीन लाख डॉलर, हॉलीवूडच्या हिशेबाने चिल्लर. मायकेलचा तो पांढराफटक मुखवटा म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा दुकानातून दोनेक डॉलरला आणलेला मुखवटा. त्याला पांढरा रंग मारला, केस विस्कटले, डोळ्यांची भोकं मोठी केली. इलिनॉयमधलं हॅडनफील्ड गाव खरं म्हणजे कॅलिफोर्नियात वसंत ऋतूत उभं केलेलं, म्हणून पानगळीची पानं रंगवून रस्त्यावर टाकावी लागली. शॉट संपला की तीच पानं गोळा करून पुन्हा पसरायची. जेमी ली कर्टिसला मानधन मिळालं आठ हजार डॉलर. तिचे चित्रपटातले कपडे साध्या दुकानातून शंभरेक डॉलरमध्ये घेतलेले. एवढ्या भांडवलावर चित्रपटाने एकट्या अमेरिकेत चार कोटी सत्तर लाख डॉलर कमावले. पुढे नायिकेला जे भोगावं लागलं त्याचं मूळ या आकड्यात आहे.

लॉरी या चित्रपटात सतरा वर्षांची आहे. अभ्यासू, थोडी बुजरी, शेजारच्यांची मुलं सांभाळून खर्चाला पैसे मिळवणारी. अगदीच सोवळी नाही. मैत्रिणीच्या गाडीत बसून गांजाचे झुरके मारते आणि खोकते. तिच्या वडिलांचा घरं विकायचा धंदा. सकाळी शाळेत जाताना ते तिला सांगतात, मायर्सच्या पडक्या घराची किल्ली तेवढी पायपुसण्याखाली ठेवून ये. ती ठेवायला जाते. दाराआड मायकेल उभा असतो. तो तिला बघतो. बस्स, एवढंच कारण. त्या दिवशी त्या दाराशी दुसरी कोणी आली असती तर तो तिच्या मागे लागला असता.

मला या चित्रपटातली सगळ्यात भेदक गोष्ट सुरा वाटत नाही, ही किल्ली वाटते. त्यापाठोपाठ येतो तो शेजाऱ्याचा दिवा. लॉरी रस्त्यावर धावत येऊन एका घराचं दार बडवते, मदतीसाठी किंचाळते. आत दिवा लागतो, कोणीतरी डोकावतं आणि दिवा बंद होतो. मग ती विणकामाची सुई त्याच्या मानेत खुपसते, कपाटात लपल्यावर हँगरची तार सरळ करून त्याच्या डोळ्यात घालते. हाताला जे लागेल ते घरातलं सामान. सुरा हाती येतो तर दोनदा टाकून देते. प्रेक्षक खुर्चीत चरफडतो.

आणि शेवटच्या झटापटीत ती आणखी एक गोष्ट करते, तिच्याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. ती त्याचा मुखवटा ओढून काढते. आत एक साधा, गोरा, गोंधळलेला तरुण चेहरा. मायकेल मारणं थांबवून आधी मुखवटा पुन्हा घालतो, तेवढ्या वेळात त्याचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. लूमिस येऊन गोळ्या झाडतात. म्हणजे लॉरी वाचते ती मुखवटा काढल्यामुळे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कॅरल क्लोव्हर या अभ्यासिकेने १९८७मध्ये अशा नायिकांना 'फायनल गर्ल', म्हणजे शेवटी जिवंत उरणारी मुलगी, हे नाव दिलं. सुरुवातीला कॅमेरा खुन्याच्या डोळ्यांनी बघतो, शेवटी प्रेक्षक मुलीच्या बाजूने उभा राहतो, असं तिचं साधारण म्हणणं. 'हॅलोवीन'च्या पहिल्याच लांबलचक दृश्यात आपण सहा वर्षांच्या मायकेलच्या डोळ्यांनी त्याच्या बहिणीचा खून पाहतो आणि शेवटी लॉरीबरोबर कपाटात दडून बसतो. हा मुद्दा पटण्यासारखाच आहे. फक्त तो एका चित्रपटापुरता चालतो. मालिका झाली की हिशेब बदलतो, कारण पुढच्या भागाचं तिकीट खपतं ते मुखवट्यावर.

बहीण म्हणे

१९८१च्या दुसऱ्या भागात कार्पेंटर आणि हिल यांनी लॉरीला मायकेलची बहीण करून टाकलं. लहानपणी दत्तक दिलेली, वगैरे. कार्पेंटरने हा शोध बिअर पीत पटकथा ओढून नेताना लागल्याचं स्वतःच कबूल केलं आहे आणि तो त्याचा अभिमान बाळगत नाही. किल्लीचा दरारा तिथेच संपला. कोणाच्याही वाट्याला येऊ शकणारी आफत आता एका घरातली भाऊबंदकी झाली.

कर्टिस दोन भागांनंतर बाहेर पडली. १९८८च्या चौथ्या भागात लॉरी मोटार अपघातात गेल्याचं सांगून तिच्या लहान मुलीला, जेमीला, मायकेलच्या पुढ्यात ठेवलं. नायिका गेली तरी बागुलबुवा चालू राहतो, हे तिथे सिद्ध झालं. पाचवा आणि सहावा भाग मी इथे घेत नाही. शाप, पंथ आणि मनगटावरची खूण यांत शिरलो तर बाहेर यायला आणखी दोन हजार शब्द लागतील.

शाळेचं फाटक

१९९६मध्ये 'स्क्रीम'ने स्लॅशरला पुन्हा बाजार मिळवून दिला. त्याचा लेखक केव्हिन विल्यमसन 'एच२०'च्या कथेच्या जुळणीत होता, दिग्दर्शन स्टीव्ह माइनरचं. पहिल्या चित्रपटाला वीस वर्षं होत होती आणि कर्टिस परत यायला तयार होती. चौथ्यापासून सहाव्यापर्यंतचे भाग बाजूला सारले गेले: लॉरी मेली नव्हती, मेल्याचं सोंग करून नाव बदलून राहत होती.

लॉरीची ही मधली वीस वर्षं या चित्रपटात नीट दिसतात आणि माझ्या मते तो त्याचाच सगळ्यात मोठा गुण आहे. दुपारच्या जेवणाला ती मित्राबरोबर हॉटेलात बसली आहे. तो दोन मिनिटांसाठी उठून जातो, तेवढ्यात ती समोरचा वाइनचा पेला घटाघट रिकामा करते आणि वेटरकडे दुसरा मागते, तो यायच्या आत पहिल्यासारखाच दिसेल असा. घरात औषधांचं कपाट भरलेलं. सतरा वर्षांच्या मुलाला, जॉनला, ती हॅलोवीनच्या सहलीला पाठवायला आधी तयार होत नाही. मुलगा तिला सांभाळतो आणि तिच्यावर चिडतोही. तिच्या शाळेतल्या सेक्रेटरीचं काम जॅनेट ली करते, म्हणजे कर्टिसची सख्खी आई आणि 'सायको'मध्ये शॉवरखाली मारली गेलेली नायिका. हा लाडिक खेळ झाला, पण चित्रपटाला तो शोभतो. मायकेलचे मुखवटे मात्र या चित्रपटात दृश्यागणिक बदलतात, एका ठिकाणी तर संगणकाने रंगवलेला आहे. मुखवट्यावर जगणाऱ्या मालिकेला एक धड मुखवटा ठरवता येऊ नये!

मग फाटक येतं. लॉरी मुलाला आणि त्याच्या मैत्रिणीला गाडीतून शाळेबाहेर काढते, मदत आणायला पिटाळते आणि स्वतः आतच थांबते. फाटक बंद करून त्याचं बटण दगडाने ठेचते, म्हणजे तोही बाहेर जाणार नाही आणि तीही. कुऱ्हाड घेते आणि अंधारात हाक मारते, "मायकेल!" सतरा वर्षांची असताना जी शेजाऱ्याचं दार बडवत होती, ती आता स्वतः कडी लावून घेते. कर्टिसला लॉरीची गोष्ट इथून पुढे सरळ रेषेत न्यायची होती. मारायचं, संपवायचं.

तीन पक्ष

अडचण इथे होती. मालिकेच्या पैशाची सूत्रं पहिल्यापासून मुस्तफा अक्कड यांच्याकडे. सीरियात जन्मलेला हा निर्माता 'द मेसेज'सारखा भव्य चित्रपट दिग्दर्शित करणारा होता, पण घर चालत होतं मायकेलवर. मायकेलला कायमचं मारता येणार नाही, ही त्यांची अट. चित्रीकरण जवळ आल्यावर कर्टिसला हे कळलं तेव्हा तिने पाय मागे घेण्याची भाषा केली, असं तिने नंतर जाहीरपणे सांगितलं आहे. तिच्या दृष्टीने मायकेल मरत नसेल तर परत येण्यात अर्थच नव्हता.

टेबलावर तीन गोष्टी होत्या. कर्टिसला शेवट हवा होता. निर्मात्याला खलनायक जिवंत हवा होता. आणि तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला, त्या रात्रीपुरतं का होईना, समाधान मिळायला हवं होतं. सरळ मार्ग दोनच होते. एक, त्याला खरोखर मारायचं आणि मालिका बंद करायची; ते निर्मात्याला चालणार नव्हतं. दुसरा, नेहमीप्रमाणे शेवटी प्रेत गायब करायचं. ते कर्टिसला चालणार नव्हतं. विल्यमसनने तिसरी वाट काढली, पॅरामेडिकची. पडद्यावर मुंडकं उडेल, प्रेक्षकाला कसलाही संशय येणार नाही, आणि खुलासा पुढच्या भागात. कर्टिसने ते मान्य केलं आणि पुढच्या भागात थोडा वेळ येऊन लॉरीचं मरणही करून दिलं.

धंद्याच्या नजरेने बघितलं तर तोडगा हुशारीचा होता. सुमारे एक कोटी सत्तर लाख डॉलरच्या चित्रपटाने अमेरिकेत साडेपाच कोटींच्या आसपास कमावले. सगळ्यांना आपापलं मिळालं. फक्त या वाटाघाटीत जिचा शेवट ठरत होता, ती लॉरी कोणाच्याच बाजूने बसलेली नव्हती. कर्टिस तिच्यासाठी भांडली हे खरं, पण तिलाही मिळालं ते त्या रात्रीपुरतं दृश्य. त्या दृश्याचा अर्थ निर्मात्याने स्वतःकडे ठेवून घेतला.

हिशेब कुठे चुकता झाला

'रिझरेक्शन' पाहून 'एच२०'चा शेवट पुन्हा पाहिला की काटा येतो, पण चांगल्या अर्थाने नाही. झाडाला चिणलेला माणूस हात पुढे करतो. १९९८मध्ये तो क्षण भाऊबहिणीचा होता: इतक्या वर्षांत पहिल्यांदा राक्षसाने माणसासारखं काही मागितलं, आणि तिने हात पुढे करूनही त्याला माफ केलं नाही. चार वर्षांनी तोच हात एका जखमी, मुक्या माणसाची दयायाचना झाला. कर्टिसच्या चेहऱ्यावरची सगळी चलबिचल रद्द झाली. ती आता फक्त चुकीच्या माणसाला मारणारी बाई उरली.

युक्ती तर्कावरही टिकत नाही. गळा चिरडलेला माणूस शुद्धीवर आल्यावर पहिलं काय करेल? तोंडावरचं रबर ओरबाडून काढेल. हा डोक्याला हात लावतो, चाचपडतो, पण मुखवटा काढत नाही. जेवणघरात डझनभर पोलीस आणि पॅरामेडिक असताना एक जण बदलल्याचं कोणाच्या ध्यानात येत नाही. पिशवीत घालताना कोणी मुखवटा वर करून नाडी बघत नाही. त्यातही मोठी गोम म्हणजे खुद्द लॉरी मुखवटा काढत नाही. १९७८मध्ये जीव टांगणीला लागलेला असताना, सतरा वर्षांची असताना तिने जे केलं, ते पिस्तूल आणि कुऱ्हाड हातात असताना सदतिसाव्या वर्षी ती करत नाही. पटकथेला पळवाट ठेवायची तर तिचा हात नेमका तिथेच धरून ठेवावा लागला. पळवाटेची किंमत नायिकेच्या अकलेतून वळती केली गेली.

२००२मध्ये ती मनोरुग्णालयात आहे. गप्प बसून राहते, गोळ्या गिळल्याचं नाटक करून बाहुलीत लपवते, मायकेल येणार याची वाट बघते. तो येतो तेव्हा गच्चीवर तिने लावलेल्या दोरीच्या फासात त्याचा पाय अडकतो आणि तो उलटा लटकतो. आता फक्त दोर कापायचा बाकी. मायकेल तेव्हा डोक्याला हात लावतो, त्या पॅरामेडिकने लावला होता तसाच. लॉरी थांबते. पुन्हा भलत्याचाच जीव जायला नको म्हणून ती मुखवटा काढायला हात पुढे करते. तो तो हात पकडतो, तिला ओढतो, भोसकतो, आणि ती खाली कोसळते. चित्रपट सुरू होऊन पंधराएक मिनिटं झालेली असतात.

हा प्रसंग लिहिणाऱ्याला आपण काय लिहितो आहोत हे कळत होतं, असं मला वाटतं, कारण बांधणी पक्की आहे. निर्मात्याची अट, त्या अटीतून निघालेली पॅरामेडिकची युक्ती, त्या युक्तीने दिलेला अपराधगंड आणि त्या अपराधगंडाने घेतलेला जीव. करारातलं एक कलम चार वर्षं फिरत फिरत येऊन नायिकेला कड्यावरून ढकलून देतं. मायकेल निमित्तमात्र.

आणि हे सगळं करून पदरात काय पडलं? 'रिझरेक्शन'ने अमेरिकेत तीनेक कोटी डॉलर मिळवले, 'एच२०'च्या निम्म्याहून थोडे जास्त. त्यानंतर या धाग्यावर एकही चित्रपट निघाला नाही. ज्या पुढच्या भागांसाठी मायकेलला राखून ठेवला होता, ते भाग आलेच नाहीत. २००७मध्ये रॉब झॉम्बीने पाटी पुसून पहिल्यापासून सुरुवात केली. मुस्तफा अक्कड नोव्हेंबर २००५मध्ये जॉर्डनमधल्या अम्मान शहरातल्या हॉटेलांवरच्या बॉम्बहल्ल्यात दगावले; त्यांची मुलगीही त्यातच गेली.

वीस वर्षांनी फेरसुनावणी

२०१८मध्ये डेव्हिड गॉर्डन ग्रीनने पहिला चित्रपट सोडून बाकी सगळे भाग रद्द केले, 'एच२०'सकट. बहिणीची भानगडही गेली. ती लोकांनी उठवलेली वावडी होती, असं लॉरीच्या नातीच्या तोंडून एका वाक्यात निकालात काढलं. किल्ली परत आली, असं म्हणू. कर्टिस या वेळी अभिनेत्रीबरोबर कार्यकारी निर्मातीही होती. चित्रपटाने जगभरात पंचवीस कोटी डॉलरच्या वर मजल मारली, आणि त्याच्या दुसऱ्याच वर्षी पुढचे दोन भाग नावांसकट जाहीर झाले. तिसऱ्याच्या नावातच शेवट होता: 'हॅलोवीन एंड्स'. निर्मात्यांमध्ये अक्कड यांचा मुलगा मालेक होता. म्हणजे तेच घर, पण या वेळी खलनायकाला मरायची मुभा आधीच दिलेली.

२०२२च्या त्या शेवटच्या भागाबद्दल प्रेक्षकांची बरीच कुरकुर आहे आणि तीत तथ्य आहे. कितीतरी वेळ मायकेलला बाजूला ठेवून भलत्याच तरुणाची गोष्ट चालते. स्वयंपाकघरातला शेवट मात्र या प्रकरणाच्या कागदपत्रांत जोडण्यासारखा आहे. लॉरी त्याचे हात सुऱ्यांनी ओट्याला खिळते. आणि मग, गळ्याला सुरी लावायच्या आधी, ती त्याचा मुखवटा काढते. आत म्हातारा झालेला, जखमांचा चेहरा. ओळख पटते. मग गळा, मग नातीच्या मदतीने मनगट, आणि एवढ्यावरही न थांबता गाडीच्या टपावर बांधून सगळ्या गावासमोरून मिरवत भंगारखान्यातल्या यंत्रात त्याचा चुराडा. अदलाबदलीला कुठे फट राहू नये म्हणून गावच पंच केलं आहे.

ज्यांना हे प्रकरण स्वतः तपासायचं आहे, त्यांनी १९७८चा आणि १९९८चा असे दोनच चित्रपट ओळीने बघावेत आणि कुऱ्हाडीच्या घावाला टीव्ही बंद करावा. त्या घावात मरतो तो मायकेलच. 'रिझरेक्शन' बघायचाच असेल तर गच्चीपर्यंत बघून उठा. त्यापुढे रॅपर बस्टा ऱ्हाइम्स मायकेलला कुंग-फूच्या लाथा घालतो, आणि तो गुन्हा वेगळ्या शाखेकडे वर्ग करावा लागेल.